तेवीस खंडांचे काम

(बी. ए. द्वितीय वर्ष)

ध्येय मोठे असावे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. बक्षीस समारंभ असो की निरोप समारंभ, पाहुणे हेच सांगून जातात. ते गाठायचे कसे, हे मात्र क्वचितच कुणी सांगते. फार तर 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण ऐकायला मिळते. म्हण खरी आहे. पण थेंब आपोआप पडतात, काम आपोआप होत नाही. मोठ्या कामाचे भाग विचारपूर्वक पाडावे लागतात. ते कसे पाडावेत, याचे एक उत्तम उदाहरण आपल्या नागपुरातच सुरू झाले.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरला झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पीएच. डी. घेऊन ते मायदेशी परतले. जगातील ज्ञान मराठी वाचकाला मराठीतून मिळावे, ही त्यांची इच्छा होती. इच्छा एका वाक्यात सांगता येते. पण नुसते वाक्य घेऊन कामाला बसता येत नाही. १९१६ च्या सुमारास त्यांनी नागपुरात ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. त्यासाठी मंडळी उभी केली, भांडवल जमवले. कचेरी पुढे पुण्याला गेली. पहिली काही वर्षे तर एकही खंड बाहेर पडला नाही. ती तयारीत गेली. तयारी हीदेखील एक पायरीच असते, हे आपण पुष्कळदा विसरतो.

आता त्यांची विभागणी पाहा. आधी पाच प्रस्तावनाखंड, त्यांत वेदविद्या, विज्ञानेतिहास असा एकेक स्वतंत्र विषय. मग अकारविल्हे नोंदींचे खंड. शेवटी सूची आणि हिंदुस्थानावरील खंड. एकूण तेवीस. एक खंड हाती पडला की वाचकाला तो लगेच वापरता येई. त्यासाठी तेविसाव्याची वाट पाहावी लागत नसे. मला यातले मर्म असे वाटते की, प्रत्येक भाग स्वतःपुरता पुरा आणि उपयोगी असला पाहिजे. या उद्योगाची हकिकत केतकरांनी पुढे लिहिली. तिचे नावच 'माझे बारा वर्षांचे काम' असे आहे. काम खंडाखंडांनी झाले, पण कामात खंड पडला नाही.

हाच नियम आपल्या अभ्यासाला लावून पाहू. 'मी स्पर्धा परीक्षा देऊन अधिकारी होणार' ही इच्छा झाली. 'राज्यघटनेचा अभ्यास करणार' हेही अजून मोघमच. 'या आठवड्यात मूलभूत हक्कांची, म्हणजे १२ ते ३५ ही कलमे वाचून स्वतःच्या शब्दांत दोन पाने लिहिणार' ही मात्र पायरी झाली. रविवारी ती दोन पाने वहीत असतील किंवा नसतील. स्वतःला फसवायला जागा उरत नाही. आणि पुढे परीक्षा दिली नाही, तरी ती दोन पाने वाया जात नाहीत.

पायऱ्या लहान कराव्यात, तशीच घाईही आवरावी. माझे वडील गवंडीकाम करतात. विटांची जोडाई ते एका दिवसात ठराविक उंचीच्या वर नेत नाहीत. घरमालक घाई करतो. पण खालचा मसाला धरला नसताना वर ओझे चढवले तर भिंत कलते. थोडे थर झाले की ते ओळंबा लावतात. चूक खालच्या थरात सापडली तर चार विटा काढून भागते. वर सापडली तर भिंत पाडावी लागते. परीक्षेच्या आदल्या महिन्यात वर्षभराचा अभ्यास उरकू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

लहान पायऱ्यांनी सगळ्या अडचणी सुटतात, असे मात्र म्हणता येणार नाही. फीचे पैसे नसले तर वेळापत्रक काय करणार? आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच. कोणता अर्ज कुठे करायचा, संदर्भग्रंथ कसा शोधायचा, हे घरी विचारावे असे कुणी नाही. अशा वेळी प्राध्यापकांना किंवा ग्रंथपालांना जाऊन विचारणे ही कमीपणाची गोष्ट नसून तीही एक पायरीच आहे. केतकरांनाही भागीदार लागले, सहकारी लागले. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी पुढे 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला. एकाच्या कामाची शेवटची पायरी दुसऱ्याची पहिली झाली.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. प्रमुख संपादक डॉ. वि. सी. सुखटणकर १९४३ सालीच गेले. शेवट त्यांनी पाहिला नाही. पण त्यांनी पुरे केलेले आदिपर्व पुढच्यांना दिशा देत राहिले. काही ध्येये एका आयुष्यात मावत नाहीत. मला कॉलेजपर्यंत पोचवणाऱ्या वडिलांनी आपला थर ओळंब्यात बसवून दिला आहे. त्यावरचा पुढचा थर माझा, आणि आज माझ्यापुढे फक्त तेवढेच काम आहे.