दार आधी, स्पीकर नंतर

शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्यांचा दिवसातला बराच वेळ गाडीत जातो. अल इत्तिहाद रोडवर गाड्या रांगत असताना भीमसेनजींचा अभंग नीट ऐकू यावा, ही मला चैन वाटत नाही. म्हणून गाडीचे मूळचे स्पीकर काढून बाहेरचे घातले. त्या खटाटोपात जे उमगलं, ते असं.

१. स्पीकर एकटा वाजत नाही, दारही वाजतं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात कारागिराने दाराचं आतलं कव्हर उतरवलं आणि मी बघतच राहिलो. पातळ पत्रा, त्यात अख्खा हात जाईल एवढी भोकं आणि त्यांवर काळ्या चिकट गोंदाने डकवलेला प्लास्टिकचा कागद. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो, त्याच क्षणी मागे ओढतो. भोकांतून मागचा आवाज पुढच्याला येऊन मिळाला, की खर्ज दोघांच्या भांडणात मरतो. कारागिराने बाहेरच्या पत्र्यावर ब्युटाइलची शीट रोलर फिरवून दाबून बसवली, भोकं बुजवली, पाणी निचरायच्या वाटा मात्र मोकळ्या ठेवल्या. स्पीकर तेच, वायर तीच. पण डग्ग्याला घुमारा आला. दार लावतानाचा पत्र्याचा खणखणाट जाऊन धप्प असा भरीव आवाज येऊ लागला.

२. इथलं ऊन हिशेबात धरावंच लागतं. स्वस्तातली डांबरी शीट उन्हाळ्यात मऊ पडते, सुटते आणि गाडीभर वास सोडते. स्पीकरखालची एमडीएफची रिंगही समुद्राकाठच्या दमट हवेत फुगते. तिला सगळ्या बाजूंनी रंग हवा, नाहीतर प्लास्टिकची रिंग बरी.

३. गाडीत कुणीच मधोमध बसत नाही. पुण्यातल्या मित्राची स्टिरिओमधली सेटिंग इथे उलटी करावी लागते, कारण इथे स्टिअरिंग डावीकडे आणि डावा स्पीकर गुडघ्याशी. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. उजवा स्पीकर अर्धा मीटर लांब असेल, तर डाव्याला दीड मिलिसेकंद थांबवायचं. तेवढ्याने गायक दारातून उठून समोर काचेपाशी येऊन बसतो. तरीही तो विस्कटलेलाच वाटला आणि खर्जही गायब असेल, तर एका बाजूची प्लस-मायनस वायर उलटी लागली आहे का ते बघावं. वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, की पडदा बाहेर येतो की आत जातो ते डोळ्यांना दिसतं.

४. साडेसहा इंची स्पीकरकडून सगळंच मागू नये. ८० हर्ट्झच्या खालचं काम त्याच्याकडून काढून घेतलं, की तो मोकळा होतो. टाळ आणि पखवाज वेगवेगळे ऐकू येतात.

५. ऑगस्टमध्ये एसीचा ब्लोअर पूर्ण वेगाने फिरतो आणि हळुवार आलाप त्यात बुडतो. मग हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो. स्टिरिओवर ५० गुणिले ४ वॉट छापलेलं असलं, तरी दर चॅनलला सलग मिळतात जेमतेम २० च्या आसपास. त्यापुढे आवाज फाटतो आणि आधी ट्वीटर जळतात. मी सीटखाली लहानसा अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला, भोवती हवा खेळेल अशा बेताने. आता ब्लोअर चालू असतानाही तानपुरा ऐकू येतो.