हिरडीतून रक्त येते म्हणून थायरॉईडची गोळी बंद करू नका



वर्षावासात ग्रंथवाचन संपले की विहाराच्या पायरीवर बायका मला आपापली दुखणी सांगतात. मी नर्सिंग केलेली, त्यामुळे हे ठरलेलेच. मागच्या वर्षावासात एक ताई थांबल्या. वय ४२, सहा वर्षांपासून थायरॉईडची गोळी चालू. दोन महिने सकाळी थुंकीत रक्त, तोंडाला वास, खालचे दोन दात हलत होते. शेजारीण म्हणाली, गोळी उष्ण पडली. ताईंनी गोळी सोडली. थोड्याच आठवड्यांत चेहरा सुजला, अंग जड झाले, जिना चढवेना. आणि रक्त होते तसेच.

गोळी उष्ण नसते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जे द्रव्य पुरेसे बनवत नाही, तेच गोळीतून मिळते. रक्त येण्याचे कारण बहुतेक वेळा हिरडीतच असते. दातांवर रोज जिवाणूंचा चिकट थर बसतो. तो घासून निघाला नाही की कडक होऊन किटण बनतो. दात आणि हिरडीच्या सांध्यात किटण साचले की शरीर त्याच्याशी लढू लागते. हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येते. इथवर सगळे भरून येण्यासारखे असते. पण ही लढाई वर्षानुवर्षे चालली तर दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. ते हाड जिवाणूंपेक्षा आपल्याच शरीरातली सूज जास्त खाते, आणि तेही फारसे न दुखता. म्हणून आपण उशिरा जागे होतो.

थायरॉईड कमी असले की शरीराचा सगळाच कारभार मंदावतो. जखम सावकाश भरते. कित्येकींचे तोंड कोरडे पडते, आणि लाळ म्हणजे तर तोंड धुऊन काढणारे घरचे पाणी. शिवाय अनेकींच्या थायरॉईडमागे हाशिमोटो नावाचा आजार असतो. त्यात शरीराचे रक्षकच ग्रंथीवर उलटतात, म्हणजे तिथेही सूजच. हिरडीतल्या सुजेची रसायने रक्तात उतरतात, म्हणून या दोन आजारांचा संबंध संशोधक तपासत आहेत. थायरॉईड कमी असलेल्यांत हिरड्यांचा आजार जास्त दिसल्याचे काही अभ्यास आहेत. मात्र एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेले नाही. ‘हिरड्या बऱ्या करा, थायरॉईड मुळापासून जाईल’ असे सांगून कोणी चूर्ण विकत असेल तर पैसे देऊ नका.

मधुमेहाचे वेगळे आहे. तिथे संबंध पक्का आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. रक्त तपासायला जाल तेव्हा टीएसएचबरोबर साखरही तपासून घ्या.

आता मशेरी. यावरून माझे घरातही भांडण झाले आहे. मशेरीने हिरडी बधिर होते, बरे वाटते, आणि खाली हिरडी दाताला सोडत जाते. तथागतांनी भिक्खूंना दातवण वापरायला सांगितले, त्याचे पाच फायदे विनयपिटकात आहेत. तोंडाला वास येत नाही, जेवण रुचते, हे त्यातलेच. तंबाखू त्यानंतर दोन हजार वर्षांनी पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली. तिला परंपरा म्हणू नका.

मऊ ब्रशने दोनदा दात घासा, रात्रीचे घासणे चुकवू नका. रक्त येते म्हणून ती जागा सोडू नका, तिथेच हलक्या हाताने घासा. बसलेले किटण मात्र दवाखान्यातच निघते. साफ केल्याने दात हलतात हा गैरसमज आहे. किटणाने झाकलेली फट तेव्हा दिसते, एवढेच. मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, इथे खासगीपेक्षा बराच कमी खर्च येतो. जाताना गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. थायरॉईड जास्त असेल आणि आटोक्यात नसेल तर भुलीच्या इंजेक्शनाआधीच डॉक्टरांना सांगा, कारण त्यातल्या ॲड्रिनलिनने छातीची धडधड वाढू शकते. कार्बिमाझोल घेणाऱ्यांना ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासा.

थायरॉईड कमी असल्याची गोळी पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा अर्ध्या-एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांनी, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच.

त्या ताईंनी डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली, किटण काढून घेतले. रक्त थांबले. एक दात काढावा लागला, दुसरा अजून टिकून आहे. मशेरीची डबी मात्र परवाही त्यांच्या पदरात दिसली.