डोकं नेमकं कुठल्या टोकाला?

पहिल्या वर्षाच्या ग्राफिक्सच्या सबमिशनची रात्र. आमच्या हॉस्टेलच्या खोलीत दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली बल्ब आणि काचेवर माझं शीट. म्हणजेच आपली सुप्रसिद्ध जीटी, ग्लास ट्रेसिंग! माझं शीट आधी पूर्ण झालं होतं, म्हणून त्या रात्री 'ओरिजिनल' मी होतो. तिघा मित्रांनी त्यावरून आपापली शीटं उतरवली. पहाटे चारला माझ्या लक्षात आलं, की फर्स्ट अँगल पद्धतीत डाव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडे यायला हवा आणि मी तो डावीकडे काढलाय. तिघंही गाढ झोपले होते. मी फक्त माझं शीट खोडून दुरुस्त केलं आणि गुपचूप पांघरूण घेतलं. सकाळी त्या तिघांची शीटं परत आली, माझं पास झालं. मी काहीच बोललो नाही.

ही गोष्ट मी विसरलो होतो. परवा एलास्मोसॉरस या प्राण्याबद्दल वाचलं आणि ती पुन्हा आठवली.

मित्रहो, हा डायनासोर नव्हे. प्लेसिओसॉर नावाच्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गटातला हा एक. सुमारे 8 कोटी वर्षांपूर्वी आजच्या अमेरिकेच्या मधोमध समुद्र होता, त्यात तो राहायचा. लांबी साधारण 10 मीटर आणि त्यात मानच सुमारे 7 मीटर! आपल्या मानेत 7 मणके, जिराफाच्याही मानेत 7 आणि या पठ्ठ्याच्या मानेत 72. अंग आटोपशीर, शेपूट आखूड आणि पायांच्या जागी चार वल्ही. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स शिकलेल्यांनी जरा विचार करावा, 7 मीटरचा कॅन्टिलिव्हर आणि टोकाला डोक्याचा लोड! पाण्यात उत्प्लावक बलामुळे तो भार पेलतो, हवेत पेलणं अवघड. म्हणूनच हंसासारखी मान पाण्याबाहेर उंच काढलेली जुनी चित्रं आता चुकीची मानली जातात.

याचा सापळा 1867 मध्ये कॅन्सस राज्यात थिओफिलस टर्नर या लष्करी डॉक्टरला सापडला. हाडं पेट्यांत भरून रेल्वेनं फिलाडेल्फियाला एडवर्ड ड्रिंकर कोप याच्याकडे गेली. कोप तिशीच्या आतला, हुशार आणि भलताच घाईचा माणूस. हाडांबरोबर काही असेंब्ली ड्रॉइंग येत नाही. दगडात अडकलेले मणके सोडवायचे, आकारानं लावायचे आणि कुठला कुठे बसतो ते ठरवायचं. कोपनं सगळ्यात लांब भाग म्हणजे शेपूट धरली आणि डोकं बसवलं दुसऱ्या, आखूड टोकाला. 1869 मध्ये तसं चित्र छापूनही आलं.

मार्च 1870 मध्ये जोसेफ लायडी या ज्येष्ठ शास्त्रज्ञानं फिलाडेल्फियाच्या अकॅडमीत सर्वांसमोर सांगितलं, की हे डोकं शेपटीच्या टोकाला बसलंय. कोपनं काय करावं? छापलेल्या प्रती परत गोळा करायचा प्रयत्न केला! पण सगळ्या प्रती काही हाती आल्या नाहीत. शेवटी त्यानं सुधारित चित्र छापलं. आज दीडशे वर्षांनंतरही कोपचं नाव निघालं की ही चूक निघतेच. पुढे त्यानं शेकडो प्राण्यांना नावं दिली, ते मात्र कोणी सांगत नाही.

आता तुम्ही विचाराल, की असा सापळा सोलापुरात मिळेल का? नाही. इथे विहीर खणा नाहीतर बोअर मारा, काळी माती आणि मुरूम संपला की काळा कातळ लागतो. तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर. जीवाश्म व्हायला हाडांवर संथ पाण्यातला गाळ बसावा लागतो. तापलेल्या लाव्हात हाड टिकत नाही. समुद्राचा जुना गाळ हवा तर कच्छला जावं लागेल. तिथल्या जबड्याच्या तुकड्यावरून रिचर्ड लिडेकरनं एकोणिसाव्या शतकात 'प्लेसिओसॉरस इंडिकस' हे नाव दिलं. तिथेच लोडाईजवळ मिळालेला इक्थिओसॉरचा साडेपाच मीटरचा सापळा 2017 मध्ये जाहीर झाला. तोही समुद्री, पण मान आखूड.

आपल्या महाराष्ट्रातला लांब मानेचा प्राणी जमिनीवरचा आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ नदीच्या गाळाच्या खडकांत 1960 च्या सुमारास सुमारे 300 हाडं मिळाली, किमान सहा प्राण्यांची. हा डायनासोर, नाव बारापासॉरस टागोरेई. सापळा कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. गंमत म्हणजे याची कवटी मिळालीच नाही, काही दात तेवढे मिळाले. शास्त्रज्ञांनी निबंधात तसं सरळ लिहून टाकलं. मला वाटतं, कोपच्या फजितीतून शिकायचं ते हेच. जे मिळालं ते मांडायचं, जे नाही ते नाही म्हणायचं आणि चुकलं तर प्रती गोळा करत फिरायचं नाही.

हे लिहिल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. लेख मासिकाला देण्याआधी त्या तिघा मित्रांना वाचायला दिला. दोघं नुसतेच हसले. तिसरा म्हणाला, "अरे, आम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या शीटवर खोडरबराचे डाग ढळढळीत दिसत होते. तू स्वतःहून कधी सांगतोस तेच बघत होतो."

त्या संध्याकाळी चहा आणि भजी माझ्यातर्फे झाली. तीन वर्षं उशिरा का होईना, माझं सबमिशन खऱ्या अर्थानं पूर्ण झालं.