जमीन-घराच्या व्यवहारातील मध्यस्थ व कर्जप्रतिनिधी : नेमणुकीपूर्वीची पारख

वसई तालुक्यातील निर्मळ हे गाव तेथील तीर्थासाठी आणि कार्तिकातील यात्रेसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. नालासोपारा-विरारच्या पश्चिमेस केळीच्या, फुलांच्या व भाजीपाल्याच्या वाड्यांची जी हिरवी पट्टी आहे, तिच्यात हे गाव मोडते. पट्टीच्या पूर्वेस, रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना, गेल्या काही दशकांत इमारतींची दाटी झाली. साहजिकच येथील कुटुंबांकडे दोन प्रकारची माणसे वारंवार येतात. 'वाडी विकावयाची आहे काय?' असे विचारणारा एक, आणि 'मुलासाठी सदनिका घ्या, कर्जाचे मी पाहतो,' असे सांगणारा दुसरा. दोघेही बहुधा ओळखीचेच असतात, आणि पारख करण्यात पहिली अडचण या ओळखीचीच असते.

पारख चुकल्यास काय होते, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. नालासोपारा पूर्वेस सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प व कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जमिनीवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या आदेशानुसार वसई-विरार महानगरपालिकेने त्या फेब्रुवारी २०२५ पर्यंत जमीनदोस्त केल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. जमीन आरक्षित आहे की नाही, हे विकास आराखड्यावरून कळते. तो पाहण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. पाहण्याची सवय मात्र लागते. मध्यस्थ नेमावयाचा तो या सवयीसाठीच.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये विकासकाच्या प्रकल्पातील भूखंड वा सदनिका विकून देणाऱ्या मध्यस्थास नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात हे काम १ मे २०१७ पासून महारेरा पाहते. जानेवारी २०२३ च्या आदेशाने मध्यस्थांना प्रशिक्षण व परीक्षाही आवश्यक करण्यात आली आणि पहिली परीक्षा त्याच वर्षी मे महिन्यात झाली. विहित मुदतीत प्रमाणपत्र न मिळविल्याने २०२४ मध्ये सुमारे २० हजार मध्यस्थांची नोंदणी स्थगित झाली. म्हणून मध्यस्थाच्या नावाच्या कार्डावरील क्रमांक पाहून थांबू नये. तो महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा आणि नोंदणी चालू आहे किंवा कसे, हे पाहावे.

तथापि एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हे बंधन विकासकाच्या प्रकल्पापुरते आहे. वाडीची जमीन किंवा जुने घर विकून देणाऱ्या मध्यस्थास ही नोंदणी लागत नाही. गावात होणारे बरेचसे व्यवहार या दुसऱ्या प्रकारचे असतात आणि तेथे प्रमाणपत्राचा आधार नसतो. अशा वेळी तो माणूस काय सांगतो यापेक्षा तो काय विचारतो, इकडे लक्ष द्यावे.

समजा, निर्मळ येथील एका कुटुंबास वडिलोपार्जित वाडीतील काही गुंठे विकावयाचे आहेत. जाणता मध्यस्थ भावाची बोलणी करण्याआधी सात-बारा मागेल, त्यावरील 'इतर हक्क' वाचील आणि जुने फेरफार काढावयास सांगेल. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, कुळकायद्याने मिळालेली जमीन असल्यास कलम ४३ ची अट आहे काय, जमीन आदिवासी खातेदाराची आहे काय, घेणारा शेतकरी आहे काय, हे तो विचारील. कारण या प्रत्येक बाबीवर परवानगीचा प्रश्न अवलंबून असतो. बहिणींची नावे लागली आहेत काय, हेही तो विचारील. या परिसरात हिंदू व ख्रिस्ती कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. हिंदू कुटुंबास १९५६ चा हिंदू वारसा कायदा व त्यातील २००५ ची दुरुस्ती लागू होते, तर ख्रिस्ती कुटुंबास १९२५ चा भारतीय वारसा कायदा. दोन्हीकडे मुलीचा हक्क आहे; मार्ग निराळे आहेत. 'बहिणींचे नंतर पाहू,' असे म्हणणारा मध्यस्थ तेथेच नापास समजावा. वाडीतील बावखल बुजवून सपाट केलेल्या जागेविषयी पावसाळ्यात पाणी कोठे जाते, असे विचारणारा भेटला, तर तो इथली जमीन खरोखर ओळखतो असे मानण्यास हरकत नाही.

कागद दाखविला म्हणजे तो खरा, असेही नाही. कल्याण-डोंबिवली क्षेत्रातील ६५ इमारतींच्या प्रकरणात बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणीही मिळविण्यात आली होती. यास्तव परवानगीची खातरजमा ती देणाऱ्या कार्यालयाकडेच करावी. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा महसूल विभागाच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. प्रकल्पातील सदनिका घेताना किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारापूर्वी घेण्यास कायद्याने मनाई आहे. 'आज भरा, करार पुढच्या महिन्यात' असे सांगणाऱ्यास हे कलम १३ दाखवावे आणि त्याचे उत्तर ऐकावे.

कर्जप्रतिनिधीची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी महारेरासारखी परीक्षा नाही. तो बँकेने वा गृहवित्त कंपनीने नेमलेला असतो, त्याचे कमिशन तेथून मिळते आणि त्याच्या वर्तनाची जबाबदारीही त्या संस्थेवरच राहते. त्याचे नाव यादीत आहे काय, हे शाखेत जाऊन विचारावे. त्याची योग्यता पाहण्याचे उत्तम साधन म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्जदारास द्यावयाचे मुख्य तथ्य विवरण. व्याजाखेरीज इतर आकार धरून वार्षिक खर्चाचा दर त्यात द्यावा लागतो. हप्ता सांगून या दराविषयी मौन पाळणारा प्रतिनिधी एक तर अजाण असतो किंवा फार जाणता. बँकेचा वकील मालकीहक्काचा शोध घेतो, म्हणून आपण निर्धास्त राहावे, अशीही समजूत आहे. तो शोध बँकेच्या रकमेच्या सुरक्षिततेसाठी असतो. खरेदीदाराने आपला वकील वेगळा नेमून ३० वर्षांचा शोध लेखी घ्यावा.

सर्वांत अधिक सावधगिरी खाजगी कर्जाबाबत हवी. 'फक्त तारणासाठी' म्हणून खरेदीखत करून घेण्याची आणि परत देण्याचे वचन तोंडी वा वेगळ्या कागदावर ठेवण्याची रीत आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ नुसार परतीची अट त्याच दस्तात नसेल, तर तो व्यवहार सशर्त विक्रीचे गहाण ठरत नाही. म्हणजे वाडी विकली गेली, असाच अर्थ होतो. हा फरक आपणहून समजावून सांगणारा सल्लागार हा कामाचा. धनकोकडे २०१४ च्या सावकारी (नियमन) अधिनियमाखालील परवाना आहे काय, हेही त्याने पाहिले पाहिजे.

कर्ज फिटल्यानंतरचे काम कोण करील, हे नेमतानाच ठरवून घ्यावे. मूळ कागद ३० दिवसांत परत करणे १ डिसेंबर २०२३ पासून बँकांना बंधनकारक आहे. संस्थेच्या कारणाने विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई मिळते. सात-बारावर बोजा चढविलेला असल्यास तो मात्र आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचा दाखला जोडून महसूल कार्यालयात अर्ज करावा लागतो, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून 'इतर हक्क' पुन्हा वाचावे लागतात.