‘विचर ३’ खेळायचाय? पैशांचा आणि तासांचा हिशोब

मोकळ्या, अफाट जगातला कल्पनारम्य गेम आयुष्यात एकदाच खेळायचा असेल तर मी आजही ‘द विचर ३’ सुचवेन. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने आंद्रजेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांच्या आधारे तो केला आणि मे २०१५मध्ये बाजारात आणला. जुना असणं हा त्याचा मोठा गुण आहे. किंमत उतरली, सुरुवातीच्या चुका दुरुस्त झाल्या आणि तो साध्या मशीनवरही चालतो. त्यामुळे पैशांचं ओझं कमी आहे. जड आहे तो वेळ, आणि घेण्याआधी लोक नेमका तोच मोजत नाहीत.

तरी आधी पैसे. नुसता मूळ गेम घेऊ नका, संपूर्ण आवृत्ती घ्या. तिच्यात ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ (ऑक्टोबर २०१५) आणि ‘ब्लड अँड वाइन’ (मे २०१६) या दोन मोठ्या पुरवण्या येतात, आणि माझ्या मते या गेममधलं काही सर्वोत्तम काम त्यांतच आहे. अमेरिकेत संपूर्ण आवृत्तीची छापील किंमत ४९.९९ डॉलर राहिली आहे, पण सेलमध्ये ती ८० टक्के उतरून दहा डॉलरच्या आत आलेली आहे. भारतातली रुपयांची किंमत वेगळी ठरते, पण असा उतार इथेही मिळतो. ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात वर्षात चार मोठे हंगामी सेल असतात. पूर्ण किमतीला हा गेम घेण्याचं काहीच कारण नाही. ‘स्टीमडीबी’वर रुपयांतल्या जुन्या किमतींचा आलेख दिसतो, तो बघा आणि थांबा. स्टीमवर यूपीआय चालतं. ‘गॉग’ या दुकानातून घेतल्यास फाइल कुलुपाशिवाय मिळते, म्हणजे ती जपून ठेवून इंटरनेट नसतानाही बसवता येते. मात्र आकारणी डॉलरमध्ये होणार असेल तर बँकेचं परकीय चलन शुल्क आधी तपासा. तिऱ्हाईत साइटवर अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या ‘की’च्या वाटेला जाऊ नका. ती चालली नाही तर दाद मागायला कोणी नसतं.

मशीनचं म्हणाल तर या गेमसाठी नवा कॉम्प्युटर घेऊ नका. २०१५मध्ये किमान गरज होती आय५-२५००के प्रोसेसर, जीटीएक्स ६६० ग्राफिक्स कार्ड आणि ६ जीबी रॅम. डिसेंबर २०२२मध्ये मोफत अद्ययावत आवृत्ती आली. तिचा डायरेक्टएक्स १२ पर्याय देखणा आहे, पण जुन्या कार्डाला झेपत नाही. सुरू करताना ११चा पर्याय निवडता येतो, जुनं मशीन असेल तर तोच घ्या.

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झालं असेल तर पैसे परत मागता येतात. गॉगवर ३० दिवस मिळतात. दोन तासांत या गेमची गोष्ट कळणार नाही, त्यात तुम्ही ‘व्हाइट ऑर्चर्ड’ हे पहिलं छोटं खोरंही ओलांडलेलं नसाल. म्हणून ते दोन तास मशीनच्या परीक्षेला द्या. चित्र अडखळतं का, लॅपटॉप तापतो का, अक्षरं वाचता येतात का, एवढंच बघा. गेम चालू ठेवून जेवायला गेलात तरी ती मिनिटं मोजली जातात, हे लक्षात असू द्या.

डिस्कवर ५० जीबी जागा लागते. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर डाउनलोडला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर महिना उलटेल, त्यामुळे तो विचार सोडून द्या. विजेचा हिशोबही करून ठेवा. ताणाखाली ४०० वॉट ओढणारा डेस्कटॉप १०० तासांत ४० युनिट खातो. दहा रुपये दर धरला तर चारशे रुपये. महावितरणचं घरगुती बिल १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतं, म्हणून एसीचं बिल येणाऱ्या मे महिन्यात हीच ४० युनिटं महाग पडू शकतात.

आता तास. मुख्य कथेला साधारण ५० तास लागतात. वाटेतली चांगली कामं केलीत तर शंभर. पुरवण्यांसाठी कंपनीनेच १० आणि २० तासांचा अंदाज दिला होता. शनिवार-रविवारी तीन-तीन तास खेळणाऱ्याला १३० तासांसाठी २२ आठवडे लागतील, म्हणजे जवळपास पाच महिने. घरात लहान मूल असेल किंवा परीक्षा तोंडावर असेल तर आत्ता घेऊ नका.

यातले बरेच तास सोन्यासारखे आहेत. वेलेन या युद्धाने नागवलेल्या दलदलीच्या मुलखात एक गढीवाला भेटतो. दारू आणि हात उगारण्यापायी त्याने स्वतःचं घर मोडलेलं असतं. त्याचा संताप येतो, मग कीव येते, आणि तुम्ही कोणताही निर्णय घेतला तरी कोणाचं ना कोणाचं वाईट होतंच. गेममध्ये इतकं प्रामाणिक कौटुंबिक दुःख मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. राक्षस मारायची सुपारी घेताना गावकऱ्यांशी भाव करता येतो, फार ताणलंत तर समोरचा चिडतो. आणि संध्याकाळी घोड्यावरून जाताना झाडं वाऱ्याने वाकतात, तेव्हा काम विसरून माणूस नुसता फिरत राहतो. हे फिरणं वाया गेलं असं मानू नका.

वाया जातात ते वेगळे तास. स्केलिगे बेटांभोवती समुद्रात प्रश्नचिन्हांचा सडा आहे. बहुतेक ठिकाणी तीच बुडालेली पेटी आणि तेच उडणारे शत्रू. नकाशावर ती चिन्हं दडवता येतात, खुशाल दडवा. दुसरा चोर म्हणजे सामान. पडलेली प्रत्येक तलवार उचलली की वजन मर्यादेबाहेर जातं, पळता येत नाही, विकायला जावं तर दुकानदाराकडचे पैसे संपलेले. लोहारापाशी शस्त्रं आणि चिलखत करणाऱ्यापाशी चिलखतं विका, तिथे भाव बरा मिळतो, आणि बाकीचं सोडून द्या. लढाईत रस नसेल तर सर्वांत सोपी पातळी निवडा, त्यात कमीपणा काही नाही. ‘आइल ऑफ मिस्ट्स’ या मुख्य कामगिरीआधी मात्र सोबत्यांची कामं उरकून स्वतंत्र सेव्ह ठेवा, कारण त्यानंतर बरीच दारं बंद होतात.

पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगते: युरोपात याला १८ वर्षांवरील असा शिक्का आहे, आणि तो योग्य आहे. हिंसा आणि नग्नता दोन्ही उघड आहेत. मराठी-हिंदी उपशीर्षकं नाहीत, इंग्रजी मात्र भरपूर वाचावं लागतं.

घरात दोघांना खेळायचं असेल तर दोन प्रती लागत नाहीत. ‘स्टीम फॅमिलीज’मध्ये एका घरातल्या सहा जणांपर्यंत गेम वाटून घेता येतात, फक्त एका प्रतीवर एका वेळी एकच जण खेळू शकतो आणि प्रत्येकाचे सेव्ह वेगळे राहतात. मासिक वर्गणी नाही, मुदत नाही. मध्येच दोन महिने थांबावं लागलं तर क्लाउड सेव्ह चालू असल्याची खात्री करून गेम काढून टाका आणि ५० जीबी मोकळे करा. परत बसवल्यावर आधी कामांची नोंदवही उघडा, अर्धवट राहिलेली प्रत्येक गोष्ट तिथे लिहिलेली असते.