सदाफुली

सदाफुली ओळखत नाही असा माणूस गावात सापडायचा नाही. पाच पाकळ्यांचे फूल, कुठे पांढरे, कुठे गुलाबी. बारा महिने फुलते, म्हणून सदाफुली.

हे झाड मूळचे आपल्याकडचे नव्हे. आफ्रिकेजवळ मादागास्कर नावाचे मोठे बेट आहे, तिथले ते.

जमैका बेटावरचे लोक मधुमेहावर ह्या पानांचा काढा पीत. म्हणून कॅनडात नोबल आणि बिअर या शास्त्रज्ञांनी पानांची परीक्षा केली. उंदरांना अर्क पाजला, पण साखर उतरली नाही. मग सुईने टोचला. तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या आणि उंदीर रोग जडून मेले. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले राखणदार. राखणदार गेले की रोग आत शिरतो.

रक्ताच्या कर्करोगात मात्र ह्याच पेशी बेसुमार वाढतात. मग तिथे हा अर्क उपयोगी पडेल! १९५८ साली पानांतून विनब्लास्टीन हे औषध निघाले. पुढे विनक्रिस्टीन निघाले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात. डॉक्टर ते मोजून शिरेतून देतात आणि रक्त तपासत राहतात.

आपल्याकडे पुष्कळ मंडळी मधुमेहासाठी ही पाने चघळतात. आम्ही हात जोडून सांगतो, असे करू नका. कोणत्या पानात विष किती, ते डोळ्यांना दिसत नाही. गरोदर बाईने तर पाने मुळीच खाऊ नयेत. आणि पानांच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत.

आता लागवड. पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. पाणी तुंबले की मुळे कुजतात. बी बारीक असते. शेंग फुटण्याआधीच तोडून ठेवावी. बी वाफ्यात पेरून दोन महिन्यांनी रोपे लावावीत. दोन ओळींत दीड फूट आणि दोन रोपांत एक फूट अंतर ठेवावे. सहाव्या आणि नवव्या महिन्यात पाने खुडावीत. वर्षाने झाड मुळासकट काढावे, कारण मुळांतूनही औषध निघते. पाला गुराढोरांच्या चाऱ्यात जाऊ देऊ नये.

एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो वाळका पाला लागतो. तेव्हा माल घेणारा आधी ठरवा, मगच शेतात लावा. भाव कागदावर लिहून घ्या. आता वाचता येते, तर सही करण्याआधी तो कागद स्वतः वाचा.

सांगा पाहू :
१. सदाफुलीची पाने का चघळू नयेत?
२. शेतात लावण्याआधी काय ठरवावे?