तोंडी लावण्यास वाळवलेली पालेभाजी

यवतमाळ जिल्ह्यात चैत्र लागला की पालेभाजी दुर्मिळ होऊ लागते. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असतात, तूर घरात आलेली असते आणि विहिरींचे पाणी तळाशी गेलेले असते. ज्यांच्याकडे ओलिताची सोय नाही, त्यांच्या ताटात मृगाचा पाऊस पडून बांधावर तरोटा उगवेपर्यंत हिरवे असे फारसे काही येत नाही. या दिवसांची तरतूद वऱ्हाडातील गृहिणी हिवाळ्यातच करून ठेवीत आल्या आहेत. ती तरतूद म्हणजे हरभऱ्याचा वाळवलेला पाला होय.

या साध्या पदार्थाकडे शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी लक्ष देण्याचे कारण केवळ रुचीचे नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळून आला. त्यापूर्वीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. लोहाच्या गोळ्यांचे वाटप आपल्या जागी योग्यच आहे. परंतु गोळी रोजच्या ताटाची जागा घेऊ शकत नाही.

हरभरा पेरल्यानंतर साधारण महिनाभराने, फुले येण्यापूर्वी, त्याचे कोवळे शेंडे खुडले जातात. खुडल्यामुळे झाडाला बाजूच्या फांद्या अधिक फुटतात. म्हणजे भाजीही मिळते आणि पिकाचेही नुकसान होत नाही. हरभऱ्याच्या पानांवर मॅलिक व ऑक्झॅलिक आम्लांचा अंश असतो. शेतकरी त्यास आंब म्हणतात आणि पहाटे दवाने ओल्या झालेल्या पिकावरून फडके फिरवून ती गोळाही करतात. भाजीची आंबटखारट चव याच आंबेची. ती धुऊन जाऊ नये म्हणून पाला न धुता वाळविण्याचा प्रघात आहे.

हा प्रघात आता डोळे मिटून पाळता येणार नाही. २०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतर याच जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. ती बाधा फवारताना अंगावर पडलेल्या व श्वासावाटे गेलेल्या औषधाची होती, भाजीतून झालेली नव्हे. तथापि ज्या शिवारात औषधाचा वापर इतका वाढला आहे, तेथे पाला कोणत्या शेतातून आणला हे विचारणे अगत्याचे ठरते. हरभऱ्यावर घाटेअळीसाठीची फवारणी बहुधा फुलोऱ्यापासून सुरू होते, त्यामुळे त्याआधीची खुडणी पुष्कळ अंशी सुरक्षित असते. तरीही शेजारच्या शेतातील फवारा वाऱ्याने उडून येतो. तणनाशक मारलेल्या बांधावरील तरोटा किंवा घोळ तर मुळीच खुडू नये. पानाच्या आत शिरलेले औषध धुण्याने निघत नाही, आणि वाळविल्याने ते नाहीसे होईल असेही समजू नये. औषधाच्या वेष्टनावर फवारणी व तोडणी यांमधील दिवसांचे अंतर छापलेले असते. ते वाचून दाखविण्याचे काम गावातील शिक्षकाला सहज करता येईल.

निवडलेला पाला सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ पसरून वाळवावा. कडक उन्हाने पानांतील कॅरोटिन, म्हणजे ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते तो अंश, बराच नष्ट होतो आणि रंगही उतरतो. पान मुठीत चुरले असता कुरकुरीत मोडले पाहिजे. दमट पाला डब्यात भरल्यास बुरशी धरते, आणि बुरशी आलेली भाजी पुन्हा उन्हात घालून वापरण्याची काटकसर महागात पडते.

शहरांतून व परदेशांतील भारतीय दुकानांतून शिजविलेल्या पालेभाज्यांचे हवाबंद डबेही मिळतात. सरसोंच्या सागाचे डबे तर प्रसिद्धच आहेत. घरच्या घरी असे डबे भरण्याचा मोह मात्र टाळावा. पालेभाजीत आम्लता कमी असते. अशा हवाबंद भाजीत बोट्युलिझम हा प्राणघातक विकार उत्पन्न करणारे जंतू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता ठरावीक वेळ द्यावी लागते, आणि ते काम कारखान्याचे आहे. विकतचा डबा फुगलेला दिसल्यास चाखूनही पाहू नये. चांगल्या डब्यातील भाजी आधीच शिजलेली व बहुधा मिठाची असते. तिला पुन्हा रटरट शिजवीत न बसता पाणी निथळून फोडणीत परतावे आणि मीठ चव पाहूनच घालावे.

वाळल्या हरभऱ्याची रीत याहून थोडी निराळी आहे. पाचसहा माणसांसाठी दोन मुठी चुरा कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावा. खडा-माती तळाशी बसल्यावर भाजी अलगद वर काढून, पाव वाटी तुरीची डाळ व मूठभर शेंगदाणे यांसह मऊ शिजवावी. भिजविलेले वरचे पाणी गाळून त्यातच वापरावे, कारण आंब त्यात उतरलेली असते. घोटणीने घोटून चमचाभर ज्वारीचे पीठ लावले की भाजी मिळून येते. मग जवसाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात जिरे, ठेचलेला भरपूर लसूण व सुक्या मिरच्या यांची फोडणी वरून द्यावी. लसूण तांबूस झाला पाहिजे, काळा नव्हे. मीठ येथेही शेवटी.

काही पोषण-वर्गांतून तेल कमी करण्याच्या उत्साहात ही फोडणीच वगळण्यास सांगितले जाते. ते बरोबर नाही. कॅरोटिन शरीरात शोषले जाण्यास थोडा स्निग्धांश लागतो. तेव्हा दोन चमचे तेल ही येथे चैन नसून गरज आहे. वाळविताना क जीवनसत्त्व जवळजवळ निघून जाते. लोह मात्र टिकते. भाजीतील लोह शरीराला सहजी मिळत नाही, आंबट फळासोबत ते अधिक मिळते. म्हणून ताट वाढल्यावर लिंबू पिळावे, चुलीवर असताना नव्हे. जेवणाबरोबर चहा घेतल्यास उलट परिणाम होतो. मूतखड्याची तक्रार असलेल्यांनी ऑक्झॅलिक आम्लामुळे ही भाजी बेतानेच खावी.

शाळेच्या पोषण आहारात व अंगणवाडीत उन्हाळ्याच्या तोंडाशी, फेब्रुवारी-मार्चपासून, ही भाजी आठवड्यातून एकदा तरी वाढता येण्यासारखी आहे. मुलांना ती एकदम आवडेलच असे नाही. पहिल्या खेपेस खिचडीच्या डाळीत थोडा चुरा मिसळावा, पुढे भाकरीबरोबर तोंडी लावण्यास वेगळी वाढावी. पाला गावातील बचतगटाकडून घेतल्यास तो कोणत्या शेतातला व कधी खुडलेला, एवढी नोंद डब्यावर चिकटवून ठेवावी. मृगाच्या सरी सुरू होताच उरलेले डबे एकदा उघडून पाहावेत. पाला मऊ पडला असल्यास, पण बुरशी नसल्यास, तव्यावर मंद आचेवर हलका गरम करून पुन्हा भरावा आणि श्रावणाआधी संपवावा.